चार्ल्स केटरिंग : डेल्को बनवणारे मास्तर



अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला जाताना रस्त्याच्या कडेला जी गॅरेजं लागतात, तिथे एखाद्या जुन्या मिस्त्रीसमोर जुनी पेट्रोलची गाडी उभी करून बघा. जीप असो, ॲम्बेसेडर असो नाहीतर कुणी हौसेनं सांभाळलेला जुना पेट्रोल ट्रक असो. गाडी मिसिंग मारते, मधूनच सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो, एवढं सांगितलं की मिस्त्री बॉनेट उघडून आधी डेल्कोकडे हात घालेल. डेल्को म्हणजे पुस्तकातला डिस्ट्रिब्युटर. प्रत्येक सिलिंडरला आपापल्या वेळेवर ठिणगी वाटून देणारी ती गोल टोपीची वस्तू.

हा शब्द आला कुठून? अमेरिकेतल्या डेटन गावात एक कंपनी होती, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. तिच्या इंग्रजी नावातली पहिली अक्षरं जोडून झालं डेल्को. ती सुरू करणाऱ्यांपैकी एक होते चार्ल्स केटरिंग, आणि ते आधी खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. आपल्या वर्गात ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री यांची मुलं असतात. त्यांच्या घरात रोज बोलले जाणारे शब्द आपल्या पाठात फारसे येत नाहीत. म्हणून आज केटरिंग यांची ओळख करून घेऊ. ही गोष्ट सगळी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल या गावाजवळ, शेतकरी घरात झाला. लहानपणापासून डोळे अधू. थोडं वाचलं की डोकं दुखायचं. तरी शिक्षण पूर्ण करून त्यांनी गावच्या शाळेत नोकरी धरली. संध्याकाळी मुलांना थांबवून ते वीज, उष्णता, चुंबक यांचे प्रयोग करून दाखवत. पुढे ते विद्यापीठात गेले, पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट टाकावं लागलं. मग टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या टोळीत काम. उघड्यावरच्या या कामानं तब्येत सुधारली, विजेची गोडी लागली, आणि ते परत विद्यापीठात गेले. १९०४ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, ते विद्युत अभियंता झाले. नापास होऊन किंवा मध्येच शाळा सोडून परत येणाऱ्या मुलाच्या पालकांना हे साल जरूर सांगा.

पहिली मोठी नोकरी डेटनमध्ये, दुकानातली गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. त्या यंत्राला हातानं दांडा फिरवावा लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची छोटी मोटर बसवली. वाटते साधी गोष्ट, पण यातून त्यांना एक गोष्ट कळली होती. सतत चालणाऱ्या मोटरला जेवढा आकार लागतो, तेवढा दोन-चार सेकंदच जोर लावणाऱ्या मोटरला लागत नाही. छोटी मोटर थोडा वेळ मोठं काम सोसते, मग तिला विसावा द्यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता त्या काळची मोटार कशी होती ते बघू. इंजिन सुरू करायला समोर उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे. पेट्रोल इंजिनात चार कामं ठरलेल्या क्रमानं होतात. पेट्रोल आणि हवा आत ओढायची, ती दाबायची, ठिणगी टाकून पेटवायची, जळालेला धूर बाहेर ढकलायचा. ठिणगी योग्य क्षणी पडली तर दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली जोरात ढकलला जातो. ठिणगी फार लवकर पडली आणि इंजिन हळू फिरत असलं, तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच उलटा धक्का बसतो. मग हातातलं हँडल उलटं फिरतं. मनगट मोडणं, हात मोडणं हे त्या काळी नेहमीचं होतं. कॅडिलॅक मोटारीचे मालक हेन्री लीलँड यांच्या ओळखीतले बायरन कार्टर हे स्वतः मोटारी बनवणारे गृहस्थ अशाच उलट्या हँडलच्या दुखापतीतून दगावले, ही हकीकत मोटारींच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. आपण जिला बॅकफायर म्हणून हसतो, ती त्या काळी माणूस आडवा करत होती.

केटरिंग यांनी आधी ठिणगीच हाती घेतली. दिवसा नोकरी आणि रात्री मित्र एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात काम. त्या वेळी ठिणगीसाठी कोरडे सेल वापरत आणि एकाच पेटवणीला ठिणग्यांचा पाऊस पाडत, त्यामुळे सेल भराभर संपत. केटरिंग यांनी एका पेटवणीला एकच, पण जोरकस ठिणगी पडेल अशी रचना केली. लीलँड यांनी हजारो संचांची मागणी दिली आणि १९०९ साली डेल्को कंपनी उभी राहिली.

पुढच्या काही वर्षांत ही रचना सुधारत जशी झाली, तशीच ती पन्नास-साठ वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्यांत राहिली. बॅटरीची वीज कॉइलमधून जाते. पॉइंट नावाचे दोन छोटे धातूचे तुकडे एकमेकांपासून सुटले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी तिच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टची वीज तयार होते. डेल्कोच्या आतला फिरता रोटर ती वीज त्या त्या सिलिंडरच्या प्लगकडे पाठवतो. पॉइंटवरच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. मुलांना गणित घाला. सहा सिलिंडरचं इंजिन, एका फेऱ्यात तीन ठिणग्या, मिनिटाला २००० फेरे. म्हणजे मिनिटाला ६००० ठिणग्या, सेकंदाला १००. आणि यातली प्रत्येक ठिणगी वेळेवर पडली पाहिजे.

ती पडली नाही की काय होतं, हे आपले मिस्त्री आवाजावरून ओळखतात. फटाका कार्ब्युरेटरकडून, म्हणजे हवा आत घेण्याच्या बाजूनं फुटला, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त झालेली असते, नाहीतर टायमिंग फार पुढे गेलेलं असतं, किंवा आत घेणारा व्हॉल्व्ह नीट बसत नसतो. फटाका सायलेन्सरमधून फुटला, तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसते. न जळलेलं पेट्रोल तसंच गरम सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. टायमिंग मागे गेलं तरी असंच होतं. कुणी दुरुस्ती करताना दोन प्लगच्या वायरी अदलाबदल करून लावल्या असतील तर दोन्हीकडून फटाके.

आळशी सिलिंडर शोधायची पद्धत मला फार आवडते. इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोषी सापडला. पण दोष त्याच्या प्लगमध्ये, वायरमध्ये की आणखी खोल? मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघायचा. दुखणं प्लगसोबत शेजारी गेलं तर प्लग बदला. जागेवरच राहिलं तर वायर बघा, डेल्कोच्या टोपीला बारीक चीर गेली आहे का बघा, पावसाळ्यात आत ओल शिरली आहे का बघा, पॉइंटमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे का बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चांगला मिस्त्री हे करतो. वाईट मिस्त्री प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं एकदम नवं टाकतो, गाडी चालू होते, बिल होतं आणि दोष कुठे होता हे कुणालाच कळत नाही.

ठिणगी झाल्यावर हँडल. इंजिन फिरवायला विजेची एवढी मोठी मोटर लागेल की ती गाडीत मावणारच नाही, असं जाणकारांचं गणित होतं. केटरिंग यांना गल्ल्याचं यंत्र आठवलं. इंजिन काही सेकंदच फिरवायचं आहे, दिवसभर नाही. फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांनी सेल्फ स्टार्टर लावलेली कॅडिलॅक चालवून दाखवली आणि १९१२ च्या गाड्यांत तो बसला. हात मोडणं थांबलं. हँडल मारायची ताकद नसलेली माणसं आणि बायका गाडी चालवू लागल्या.

१९१६ साली डेल्को विकली गेली आणि पुढे ती जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. याच कंपनीनं १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी आणि ट्रक जोडायचा कारखाना काढला होता. शेवरोले ट्रक हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी त्यामुळेच होता.

आता गोष्टीचा खरा भाग. इंजिनं जास्त जोराची व्हायला लागली तशी नवी तक्रार आली. चढावर, ओझं असताना इंजिन आतून ठकठक वाजायचं, जणू कुणी हातोडी मारतंय. ताकद कमी व्हायची, दट्ट्या फुटायचे. मिस्त्री याला नॉकिंग म्हणतात. दुसऱ्या पद्धतीची ठिणगी विकणाऱ्या कंपन्यांनी लगेच बोट दाखवलं की हा डेल्कोचा दोष. केटरिंग यांची कंपनी शेतावरच्या घरांसाठी रॉकेलवर चालणारे वीजसंचही विकत होती, ते तर भयंकर ठोकत होते.

१९१६ मध्ये त्यांच्याकडे थॉमस मिजली नावाचा तरुण अभियंता आला. त्याला हे काम मिळालं. सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो हे टिपणारं उपकरण त्यानं जमवलं. त्यात दिसलं की ठिणगी वेळेवर पडते आहे, जाळ पसरायला लागतो आहे, आणि ठोका त्यानंतर येतो. जे मिश्रण अजून जळायचं राहिलेलं असतं ते एकदम भडकतं. म्हणजे ठिणगी निर्दोष होती. दोष इंधनात होता. रॉकेल पेट्रोलपेक्षा जास्त ठोकतं हे तर समोरच होतं. आपल्याकडे पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ व्हायची तेव्हा गाड्या चढावर का वाजायच्या, त्याचं उत्तर हेच.

मग इंधन सुधारायचं कसं? इथे मास्तरांना एक गंमत सुचली. अमेरिकेत एक रानवेल आहे, बर्फ पुरता वितळायच्या आधीच ती फुलते आणि तिच्या पानांची मागची बाजू लालसर असते. लाल रंग उष्णता लवकर शोषत असेल, तर रॉकेल लाल केलं की ते लवकर वाफ होईल आणि ठोकणार नाही, असा त्यांचा तर्क. मिजली लाल रंग शोधायला गेला. तेलात विरघळणारा लाल रंग कोठीत नव्हता, होतं आयोडिन. तेच टाकलं. ठकठक थांबली!

इथे आपल्यापैकी किती जण थांबले असते? तर्क केला, प्रयोग केला, उत्तर जमलं, वही बंद. पण त्यांनी बाजारातून खरे लाल रंग आणले आणि तेही टाकून पाहिले. काहीच फरक पडला नाही. मग आयोडिन असलेला, पण रंग नसलेला पदार्थ टाकला. ठोके थांबले. म्हणजे लाल रंगाचा काही संबंध नव्हता, तर्क चुकीचा होता आणि तरी त्या चुकीच्या तर्कानंच खरी वाट सापडली होती. मिस्त्रीनं प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघावा, तसाच हा प्रकार. परिसर अभ्यासात प्रयोग कसा करायचा हे शिकवायला मला यापेक्षा चांगली गोष्ट माहीत नाही.

आयोडिन महाग आणि धातू खाणारं. पुढची पाच वर्षं शेकडो पदार्थ तपासले गेले. एक पदार्थ तर इतका घाण वास देणारा होता की काम करणाऱ्यांच्या अंगाचा वास जाईना. ९ डिसेंबर १९२१ ला शिशाचं एक संयुग टाकलं आणि ठोके गायब. प्रमाणही किती, तर एका गॅलनला चहाचा चमचा भरणार नाही इतकं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर ते पेट्रोल विकायला सुरुवात झाली. त्याचं नाव ठेवलं एथिल. नावात शिसं कुठेच नव्हतं. आणि पेट्रोलला रंग दिला होता लाल.

शिसं हे विष आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल. तसं नाही. रंगकाम करणारे, छपाईचे खिळे जुळवणारे कामगार शिशानं आजारी पडतात हे जुनं ज्ञान होतं. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजलीला शिशाची बाधा होऊन विश्रांतीला जावं लागलं. १९२४ मध्ये केटरिंग एथिल कंपनीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तीसहून जास्त दवाखान्यात गेले. डेटनमध्ये आणि दुसऱ्या एका कारखान्यातही माणसं गेली.

विक्री थांबली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारनं बैठक बोलावली. केटरिंग यांनी तिथे कंपनीची बाजू मांडली की चांगल्या इंजिनासाठी हा पदार्थ हवाच आणि याच्या तोडीचा दुसरा नाही. डॉ. ॲलिस हॅमिल्टन या कामगारांच्या विषबाधेचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी ठाम विरोध केला. त्यांचं म्हणणं, रस्त्यारस्त्यावर शिसं सोडलं तर ते कुणाला अडवता येणार नाही. सरकारी समितीनं काही महिन्यांत २५० च्या आसपास लोक तपासले, १९२६ च्या सुरुवातीला बंदी घालायला पुरेसं कारण नाही असं सांगितलं आणि अभ्यास पुढे चालू ठेवावा असं सुचवलं. पुढचा अभ्यास झाला तो बहुतेक कंपन्यांच्याच पैशानं.

मला इथे राग येतो. अल्कोहोल मिसळलं तरी ठोके थांबतात हे केटरिंग आणि मिजली यांना चांगलं ठाऊक होतं, त्यांनी ते स्वतः तपासलं होतं. अल्कोहोल जास्त मिसळावं लागतं आणि ते कुणाच्या एकट्याच्या मालकीचं होऊ शकत नाही. शिसं चमचाभर पुरतं आणि त्याचं पेटंट मिळतं. लाल रंगाच्या बाबतीत स्वतःचा तर्क खोटा ठरवायला जो माणूस आपणहून तीन प्रयोग करतो, त्यानं शिशाच्या बाबतीत मेलेल्या कामगारांनंतरही तसा प्रयोग केला नाही. याला भोळेपणा म्हणता येणार नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? डिझेलच्या ट्रकमध्ये हे शिसं नव्हतं. पण स्कूटर, लुना, ऑटो, मोटारी सगळ्या पेट्रोलवर. आपल्याकडे शिसं नसलेलं पेट्रोल १९९५ मध्ये आधी चार महानगरांत आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. म्हणजे आज तिशीत असलेले आपण सगळे, लुनाच्या मागच्या सीटवर बसून शाळेत गेलेले, तो धूर श्वासात घेत वाढलो. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला होतो. लक्ष लागणं, शिकणं, बुद्ध्यांक यांवर परिणाम होतो आणि रक्तात किती शिसं सुरक्षित, याचा खालचा आकडा जागतिक आरोग्य संघटना देत नाही. जगात शेवटी अल्जेरियात २०२१ मध्ये हे पेट्रोल संपलं. आणि आज आपल्या पंपावर काय मिळतं? इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे तेच अल्कोहोल. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून मिस्त्री कुरकुरतात, पण ठोके ते थांबवतं.

केटरिंग यांचं उरलेलं आयुष्य थोडक्यात सांगतो. १९२३ मध्ये पाण्याऐवजी हवेनं थंड होणारं त्यांचं आवडतं इंजिन सपशेल फसलं, गाड्या परत मागवाव्या लागल्या आणि ते कंपनी सोडायला निघाले होते. लवकर वाळणारा मोटारींचा रंग, रेल्वेचं डिझेल इंजिन ही त्यांची पुढची कामं. गवत हिरवं का असतं, झाड सूर्यप्रकाशातून अन्न कसं करतं, या प्रश्नावर त्यांनी स्वतःचे पैसे घालून वर्षानुवर्षं संशोधन करवून घेतलं. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या आणि आल्फ्रेड स्लोन यांच्या नावानं कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. १८० हून जास्त पेटंटं त्यांच्या नावावर जमली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये त्यांचं निधन झालं.

ज्यांना हा पाठ वर्गात घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. जुना डेल्को भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतो. टोपी उघडा, मधला रोटर हातानं फिरवा, पॉइंट उघडतात-मिटतात ते मुलांना दाखवा. सहा वायरींच्या खाचा मोजायला लावा. बॅटरी मात्र अजिबात जोडू नका, झटका जोराचा असतो. पेट्रोल वर्गात आणायचं नाही. आयोडिन तर आपल्याकडे बटाट्यातला पिष्टमय पदार्थ ओळखायला आणलेलं असतंच. तीच बाटली टेबलावर ठेवा आणि लाल रंगाची गोष्ट आधी सांगा. शिशाची गोष्ट पाचवीच्या पोट्ट्यांना सांगायची की सातवीच्या, ते तुम्ही तुमचा वर्ग बघून ठरवा. मी पाचवीला सांगतो. हमखास कुणीतरी विचारतं, की ते पाच कामगार कोण होते.